एकच बाहुला का नेला?

१

सकाळी शेडचं कुलूप मी उघडलं, आणि ओल्ले जागेवर नव्हता.

बाकी सगळं होतं तसंच होतं. कोपऱ्यात रबरी पाट्यांचा एल्क, म्हणजे आमच्याकडचं दांडगं सांबर, शिंगं वर करून उभा, भिंतीला टेकून मोठ्या माणसाचा बाहुला, आणि बाकावर लहान मुलाएवढा एक बाहुला. रोज त्या बाकावर दोन असतात. एक ओल्ले आणि दुसरा राखीव. राखीवाला कोणी नाव ठेवलेलं नव्हतं.

मी एल्कच्या मागे पाहिलं, बाकाखाली पाहिलं आणि स्वयंपाकघरात जाऊन बहिणीला विचारलं, "ओल्लेला शिवायला घेतलंस का गं?"

"नाही रे." बार्ब्रो बटाटे किसत होती. "परवाच त्याच्या टोपीला गोंडा लावून दिला. का?"

"शेडमध्ये नाही."

तिने किसणी खाली ठेवली. "आज? उद्या पाहुणे यायचे असताना?"

ग्रानसेलेच्या गोठलेल्या तळ्यावर ट्रानविक कंपनीचं चाचणी केंद्र आहे, आणि त्याची देखभाल माझ्याकडे. बर्फ किती जाड आहे ते बघायचं, मार्ग साफ ठेवायचे, बाहुले ओढायची दोरी चालवायची. ट्रानविक गाड्या बनवत नाही. गाडीचे डोळे बनवते. समोर कोणी आलं तर चालवणाऱ्याच्या आधी गाडीला ते दिसावं आणि तिने स्वतःच ब्रेक लावावा, हा त्यांचा धंदा. हिवाळाभर ओल्ले बर्फावरच्या मार्गावर आडवा जायचा, गाडी त्याच्यावर धावून यायची आणि दर वेळी त्याच्या नाकासमोर थांबायची. उद्या जर्मनीहून गाडीवाल्या कंपनीचे लोक ते बघायला येणार होते. त्यांना पटलं, तर येत्या शरदात हे डोळे घराघरांतल्या गाड्यांना लागणार होते.

हेनिंग धावतच शेडकडे आला. तो या कामाचा प्रमुख, दक्षिणेचा माणूस, आमच्या थंडीत तीन थर घालूनही कुडकुडणारा. रिकामी जागा पाहून तो म्हणाला, "पोलिसांना बोलावतो."

"बोलाव," मी म्हणालो. "ते दुपारी पोचतील. आणि काय हरवलंय ते ऐकून कॉफी पिऊन परत जातील."

"मला बघू देता का?" मागून आवाज आला.

दाग्नी दारात उभी होती. उंच, पांढऱ्या केसांची, हातात माझ्या बहिणीने दिलेला कॉफीचा मग. रस्त्यावर अपघात झाला की तो का झाला हे शोधणारं एक पथक ट्रानविककडे आहे. दाग्नीने ते उभं केलं आणि निवृत्त होईपर्यंत चालवलं. चेपलेल्या गाडीत, चालवणाऱ्याच्या जागेवर ती एकटी बराच वेळ बसून राहते, असं तिच्याबद्दल सांगत. उद्याच्या कार्यक्रमाला हेनिंगने तिला मुद्दाम बोलावलं होतं.

ती बाकाजवळ गेली, कुलूप उलटसुलट केलं आणि विचारलं, "किल्ली कुठे असते?"

"स्वयंपाकघराच्या दाराशी, खिळ्याला."

"म्हणजे आपल्यापैकी कोणीही," ती म्हणाली.

२

हेनिंगचा संशय तळ्याच्या पलीकडे होता. तिथे दुसऱ्या एका कंपनीचे मार्ग आहेत.

"त्यांना आपलं उद्याचं बुडवायचंय," तो म्हणाला. "उघड आहे."

"बुडणार आहे का?" दाग्नीने विचारलं.

"नाही. राखीव आहे ना. त्याच्यावर करू."

"अस्सं." तिने राखीवाचा हात धरून सरळ केला, एखाद्या पोराचा करावा तसा. त्याची हाडं प्लास्टिकची, अंगात भुसा आणि कापूस, वर बार्ब्रोने शिवलेला लाल जाड पोशाख. "दोघंही एकाच कारखान्यातले?"

"सख्खे जुळे," मी म्हणालो.

"मग मला एक सांगा. उद्याचं बुडवायला कोणी आलं असतं, तर त्याने दोन्ही उचलले असते. दोन्ही हलके आहेत, दोन्ही समोर होते." ती हेनिंगकडे वळली. "एकच का नेला?"

हेनिंगने राखीवाकडे पाहिलं.

"एव्हर्ट, तुझी गाडी घे," ती मला म्हणाली. "बर्फावर नेऊन उभी कर, हीटर चालू ठेव. मला एकेकाशी बोलायचंय."

"गाडीत? आत ऑफिस आहे की."

"ऑफिसात माणसं एकमेकांच्या तोंडाकडे बघतात आणि जपून बोलतात. गाडीत दोघांनी समोर बघायचं असतं."

३

गाडीत दाग्नी चालवणाऱ्याच्या जागेवर बसली, मी मागे. पहिला हेनिंग आला. त्याला एकच गोष्ट ठाऊक होती, ती म्हणजे हे काम शरदापर्यंत पुरं झालं नाही तर त्याची गच्छंती. ती त्याने वेगवेगळ्या शब्दांत सांगितली आणि गेला.

मग इल्वा. रडारचं काम तिचं. तिशीतली, बारीक चणीची, चष्म्यावर कायम वाफ.

"मीच सांगते," बसल्या बसल्या ती म्हणाली. "मला उद्याचा दिवस नको होता. मला अजून एक हिवाळा हवा होता. हेनिंगला मी तसं तोंडावर सांगितलंय, दोनदा."

"का हवा होता?"

"कारण इतकं चांगलं चालतंय." ती जरा हसली. "वेड्यासारखं वाटेल. पण बर्फ उडत असलं की कॅमेरा आंधळा होतो. मग सगळी भिस्त रडारवर. आणि रडार चमत्कारिक असतं. रस्त्यात पडलेला सोड्याचा रिकामा पत्र्याचा डबा त्याला दिव्यासारखा दिसतो, आणि लोकरीत गुंडाळलेलं पोर जेमतेम. तरी ओल्लेसमोर गाडी चुकली म्हणून नाही. एकदाही."

"राखीवासमोर?"

"त्याला फारसं वापरलंच नाही. ओल्लेची बाही फाटली होती तेव्हा एक दुपार तो लावला होता. त्या दिवशी गाडी उशिरा थांबली. त्याला उडवलंच."

"मग?"

"सेन्सरवर बर्फ बसलं होतं. निदान हेनिंगचं म्हणणं तसं. दुसऱ्या दिवशी ओल्ले शिवून आला आणि सगळं परत ठीक."

"चालवत कोण होतं?"

"रूनार. तोच चालवतो नेहमी." इल्वाने चष्मा पुसला. "तो उतरून राखीवाला उचलून आणायला गेला. मग बराच वेळ त्याला हातात धरून तसाच उभा राहिला. मला वाटलं, हादरला असेल. बाहुला असला तरी पोरासारखा दिसतो ना."

दाग्नीने समोरच्या पांढऱ्या तळ्याकडे बघत विचारलं, "इल्वा, ओल्ले सापडू नये असं तुला वाटतं का?"

"नाही," ती म्हणाली. "मला तर तो सापडायला हवाय. त्याने काय जादू केली ते मला बघायचंय."

४

बार्ब्रो आली ती जेवणाची पिशवी घेऊनच. रिकाम्या हाताने माझी बहीण कुठे जात नाही.

"पाल्ट आणलेत," ती म्हणाली. "गरम आहेत तोवर खा. लोणी वेगळं दिलंय."

किसलेल्या बटाट्याचे ते गोळे, आत डुकराचं खारं मांस, वर लाल बोरांचा मुरंबा. आम्ही तिघं गाडीत बसून खात होतो. बाहेर एवढी थंडी, की तोंडातून निघालेली वाफ काचेवर लगेच फुलं होऊन बसत होती. पाल्टमधून मात्र धूर निघत होता.

"आतून गरम राहतात कसे गं एवढे?" दाग्नीने विचारलं.

"पिशवीची करामत. मीच शिवलीय." बार्ब्रोने पिशवीचं तोंड उलटून दाखवलं. आत चकचकीत चंदेरी कागदासारखं जाड अस्तर. "घराच्या छताला लावतात ना, त्यातलं उरलेलं होतं."

"ओल्लेचे कपडेही तूच शिवतेस म्हणे."

"कपडे काय, त्यालाच शिवते." बार्ब्रोचा चेहरा उजळला. "हिवाळ्याच्या सुरुवातीला त्याचा खांदा पार उसवला होता. थंडीने आतलं कापड कडक होतं, तुटतं. हेनिंग म्हणे नवा मागवू. मी म्हटलं, थांब जरा. सगळा उसवला, छाती-पाठीला आतून भक्कम अस्तर घातलं, परत भरला. तेव्हापासून एकदाही उसवला नाही. दिवसभर बर्फावर उभं करता बिचाऱ्याला, म्हटलं जरा ऊबही राहील." मग स्वतःच हसली. "बाहुल्याला कसली ऊब. पण हात लागलाच आहे तर म्हटलं."

"राखीवाला घातलंस?"

"तो कुठे फाटला होता?"

दाग्नी चमचा हातात धरून तशीच बसली. मला काहीच कळलं नव्हतं; मला पाल्ट लागत होते छान. बार्ब्रो रिकामे डबे घेऊन केंद्राकडे चालू लागली, तशी दाग्नी आरशातून माझ्याकडे बघत म्हणाली,

"एव्हर्ट, भाऊ म्हणून नको, शेजारी म्हणून सांग. तुझ्या बहिणीवर कोणाचा जीव आहे?"

५

हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता, आणि उत्तर सगळ्या ग्रानसेलेला ठाऊक होतं. बार्ब्रोचा नवरा जाऊन बराच काळ झाला, रूनारची बायकोही गेली. रूनार चाचण्या संपल्या की स्वयंपाकघरात बसून भांडी पुसतो. बोलत काही नाही. आमच्याकडे 'हो' म्हणायचं तर लोक ओठांतून श्वास आत ओढतात, सुप्प करून. रूनारचं सगळं संभाषण तेवढंच. बार्ब्रो बोलते, तो सुप्प करतो.

"रूनार," मी म्हणालो. "पण त्याचा याच्याशी काय संबंध?"

"तो कुठे आहे आत्ता?"

"त्याची पाळी दुपारी. गावात असेल."

पाहुण्यांसाठी साय आणायची होतीच, म्हणून आम्ही गावातल्या दुकानाकडे निघालो. रूनारची जुनी निळी गाडी दुकानासमोरच उभी होती. तो आत होता. मी साय घेऊन बाहेर आलो, जाता जाता त्याच्या गाडीत डोकावलो आणि आपल्या गाडीत येऊन बसलो.

"रूनारची नात आलीय वाटतं," मी सहज बोललो. "मागे झोपलीय. टोपी पार नाकापर्यंत."

"त्याची नात कुठे असते?"

"किनाऱ्याला. शाळेत जाते."

"आज शाळा नाही?"

मी मान वळवून पुन्हा त्या निळ्या गाडीकडे पाहिलं.

"त्याच्या गाडीचं इंजिन चालू होतं?"

"नाही."

"बाहेर किती आहे?"

"उणे अठ्ठावीस."

"आणि रूनार," दाग्नी हळू आवाजात म्हणाली, "आयुष्यभर दुसऱ्यांच्या जिवासाठी गाड्या चालवणारा माणूस, बंद गाडीत पोर ठेवून दुकानात रेंगाळेल?"

दुकानाचं दार उघडलं. रूनार हातात दुधाची पिशवी घेऊन बाहेर आला, आम्हाला पाहिलं आणि पायरीवरच थांबला.

६

त्याने पळायचा प्रयत्न केला नाही. दाग्नी त्याच्या गाडीत शेजारी जाऊन बसली. मी मागे, ओल्लेच्या बाजूला. नातीचा निळा पोशाख, नातीची टोपी, नातीची खुर्ची. गळ्यापासून पोटापर्यंत पट्टा नीट आवळलेला.

"पट्टा लावलास," दाग्नी म्हणाली.

"सवय," रूनार म्हणाला.

"सामानाच्या जागेत टाकता आला असता."

"हात होईना."

मी ओल्लेच्या छातीवर हात ठेवून दाबलं. पोशाखाच्या आत काहीतरी कागदासारखं चुरचुरलं. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला, आणि तो पडला नसता तर बरं झालं असतं असं वाटलं.

"मी सांगते, चुकलं तर थांबव," दाग्नी म्हणाली. "ओल्लेच्या अंगात धातूचं अस्तर आहे. चाचणीची गाडी हिवाळाभर थांबत आलीय ती मुलासाठी नाही, सोड्याच्या डब्यासाठी. राखीवाच्या अंगात अस्तर नाही, म्हणून त्याला तिने उडवलं. तू त्याला उचललंस. दुसऱ्या दिवशी ओल्लेला उचललंस. दोघांत फरक काय, ते हाताला कळलं."

रूनारने श्वास आत ओढला.

"सांगितलं असतंस तर सगळे विचारणार, अस्तर कोणी घातलं. हिवाळाभराचं काम वाया, आणि नाव बार्ब्रोचं. नाही सांगितलंस तर ती गाडी रस्त्यावर जाणार. म्हणून ओल्लेला तेवढा काढलास. उद्या राखीव उभा राहणार, पाहुण्यांसमोर गाडी चुकणार, आणि इल्वा कारण शोधणार. बार्ब्रोचं नाव कुठेच नाही. एकच बाहुला नेला, कारण दुसऱ्याकडून तुला काम करून घ्यायचं होतं."

पुन्हा सुप्प. मग तो बोलायला लागला. रूनारला एवढं सलग बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं.

"अस्तर काढून वसंतात परत ठेवणार होतो. तिला कळलंही नसतं. तिने किती हौसेनं केलंय ते, दाग्नी. सगळ्यांना दाखवत होती, बघा खांदा कसा बसलाय. आणि मी काय सांगू? की तुझ्या शिवणामुळे पोरं मेली असती?"

"बेत चांगला आहे," दाग्नी म्हणाली. "फक्त एक भोक आहे. मागे राखीवाला उडवलं तेव्हा काय झालं?"

रूनारने स्टिअरिंगवर हात ठेवले.

"सेन्सरवर बर्फ बसलं. उद्याही बसेल. हेनिंग घाबरलेला माणूस आहे, त्याला बर्फ हवंच आहे. पाहुणे म्हणतील, एकदा चुकलं, पण हिवाळाभराचे निकाल तर उत्तम. आणि सही करतील." तिचा आवाज जराही चढला नाही. "मी ज्या गाड्यांत जाऊन बसायचे ना रूनार, त्यांच्या चालकांनी सगळ्यांनी मला एकच सांगितलंय. मला दिसलाच नाही."

"मी सांगतो की अस्तर मी घातलं," तो म्हणाला.

"तुला सुईत दोरा ओवता येत नाही," मी मागून म्हणालो.

कोणी हसलं नाही. आणि मी स्वतः काय विचार करत होतो ते सांगतो. मी विचार करत होतो की अस्तर आत्ता इथेच फाडून काढावं, दुकानामागच्या कचऱ्यात टाकावं आणि गप्प बसावं. ती माझी थोरली बहीण आहे. आई गेल्यावर मला तिने वाढवलं.

काचेवर टकटक झाली. बार्ब्रो बाहेर उभी होती. साय पुरणार नाही म्हणून आणखी न्यायला मागोमाग आली होती. ती खिडकीतून माझ्याकडे नाही, माझ्या शेजारी बघत होती.

"दार उघड," ती म्हणाली.

७

दाग्नीने तिला सगळं सांगितलं, साध्या शब्दांत, काहीही मऊ न करता. बार्ब्रो गाडीच्या उघड्या दारात वाकून उभी होती, एक हात ओल्लेच्या खांद्यावर. तिचाच शिवलेला खांदा.

"म्हणजे गाडीला दिसत होतं ते माझं अस्तर," ती म्हणाली.

"हो."

"आणि पोर नाही."

"नाही."

तिच्या पापण्यांवर बर्फ धरायला लागलं. मग ती रूनारकडे वळली, आणि मला वाटलं होतं की ती रडेल, पण तिचा आवाज सुरीसारखा होता.

"तुला कधी कळलं?"

"बाही फाटली होती तेव्हा."

"तेव्हापासून रोज माझ्या स्वयंपाकघरात बसून भांडी पुसतोयस."

त्याने श्वास आत ओढला.

"सुप्प करू नकोस. बोल. तुला काय वाटलं, एका बाजूला पोरांचे जीव आणि दुसऱ्या बाजूला माझं नाव, तर मी काय उचललं असतं? मला विचारावंसं नाही वाटलं?"

"तुला लागेल असं वाटलं."

"लागलंच," ती म्हणाली. "लागायलाच हवं होतं. तेव्हाच. मी काय बाहुली आहे का, पोशाख घालून पट्टा लावून ठेवायला?"

तिने ओल्लेचा पट्टा सोडला, त्याला कडेवर घेतलं आणि माझ्या गाडीत जाऊन बसली.

दुपारच्या कॉफीला सगळे टेबलाशी होते. तिने ओल्लेला दालचिनीच्या पावांच्या ताटाशेजारी बसवलं, कात्रीने त्याची पाठ उसवली आणि ते चंदेरी अस्तर सगळ्यांसमोर ओढून बाहेर काढलं.

"हे मी घातलं," ती म्हणाली. "कोणाला विचारलं नाही. गाडी याला बघून थांबत होती. रूनारने याला उचललं ते मला वाचवायला, आणि ते त्याने चुकीचं केलं. झालं. आता काय करायचं ते ठरवा."

हेनिंगचा चेहरा पांढरा पडला. तो म्हणाला, "हे... हे आपण उद्यानंतर बोललो तर?"

त्याने एकेकाकडे पाहिलं, शेवटी दाग्नीकडे. ती पावाचा तुकडा मोडत राहिली. हेनिंगने दोन्ही हातांनी तोंड चोळलं. त्यालाही दोन पोरं आहेत, फोनवर रात्री त्यांना गोष्ट वाचून दाखवतो.

"नाही," तो स्वतःलाच म्हणाला. "नाही, बरोबर."

इल्वाने अस्तर उचलून उजेडात धरलं. तिचे डोळे भरून आले होते, पण ती हसत होती.

"मला वाटत होतं मी फार हुशार आहे," ती म्हणाली. मग बार्ब्रोकडे वळून म्हणाली, "ऐक. मोसम सुरू व्हायच्या आधी प्रत्येक बाहुला रडारखाली धरून बघायचा असतो. ते काम माझं. मी म्हटलं, गेल्या वर्षीचाच तर आहे. शिवायचं काम तुझं. तू तुझं केलंस, मी माझं केलं नाही."

बार्ब्रोने तिच्याकडे पाहिलं, आणि त्या दिवसात पहिल्यांदा खुर्चीवर बसली.

८

पाहुणे आले. हेनिंगने त्यांना कॉफीच्या आधीच सगळं सांगितलं. मग आम्ही दोन्ही करून दाखवलं. अस्तर परत भरलेल्या ओल्लेसमोर गाडी ऐटीत थांबली. राखीवासमोर ती वाहवत गेली आणि त्याला बर्फावर आडवं करून पुढे गेली. पाहुण्यांतली सर्वांत वयस्क बाई चालत मार्गावर गेली, राखीवाला उचलून त्याच्या अंगावरचं बर्फ झटकलं आणि हेनिंगला काहीतरी म्हणाली. सही झाली नाही. करार मोडलाही नाही. शरदाचा विषय तेवढा कोणी पुन्हा काढला नाही. हेनिंगची नोकरी राहिली. का राहिली, ते दाग्नीने दक्षिणेला, कंपनीच्या मुख्य कचेरीत केलेल्या फोनवरून मी ओळखलं.

इल्वाला तिचा वेळ मिळाला. ती तळ्यावरच राहिली. आठवडेच्या आठवडे आम्ही राखीवाला ओढत होतो, इल्वा रडार बदलून बघत होती आणि तरी गाडी त्याला उडवत होती. बार्ब्रो त्याला शिवत होती, फक्त कापसाने. शिवून झालं की इल्वाला हाक मारायची, "ये, याला तुझ्या यंत्राखाली धर." इल्वा मान हलवेपर्यंत ती सुई ठेवत नसे.

रूनारशी ती बोलत नव्हती. ताट वाढायची, पण बोलायची नाही. तो भांडी पुसायला येत राहिला. ती त्याच्या हातात फडकं द्यायची, तेवढंच. एकदा मी मध्ये पडायला गेलो तर म्हणाली, "तू तर अस्तर कचऱ्यात टाकणार होतास. तोंडावर दिसत होतं. तू गप्प बस."

एप्रिलमध्ये बर्फ वरून ओलं व्हायला लागलं. आणखी थोडे दिवस, मग तळ्यावर गाडी घालता येणार नव्हती. त्या सकाळी वारा सुटला होता, भुसभुशीत बर्फ आडवं उडत होतं, दहा पावलांपलीकडचं धड दिसत नव्हतं. कॅमेऱ्यासाठी सर्वांत वाईट हवा, म्हणून इल्वाला हवी तशीच. रूनार गाडीत बसला होता. बार्ब्रो स्वयंपाकघरातून निघाली, एप्रनवरच कोट चढवलेला, आणि काही न बोलता त्याच्या शेजारी जाऊन बसली.

मी दोरीच्या खोपटात होतो. इल्वाने हात वर केला, मी राखीवाला सोडलं. तो लाल पोशाखात बर्फाच्या धुरातून आडवा निघाला, आणि पलीकडून गाडीचे दिवे आले. रूनारचे पाय पेडलवर नव्हते, ते मला माहीत होतं, नियमच तसा. दिवे मोठे होत गेले. मी दोरी घट्ट धरून होतो.

गाडी थांबली. राखीव तिच्या समोरून सावकाश चालत पलीकडे गेला.

मी धावत गेलो. काचेतून दिसलं, बार्ब्रोने दोन्ही हातांनी रूनारची बाही घट्ट धरली होती. तिला ते ठाऊक नसावं. रूनार हलत नव्हता. इल्वा दुसऱ्या बाजूने आली, तिने दार उघडलं.

मग माझ्या बहिणीने रूनारकडे पाहिलं. कित्येक आठवड्यांत पहिल्यांदा.

"परत एकदा," ती म्हणाली.

त्याने तोंड उघडलं, सुप्प करणार होता, पण मध्येच थांबला.

"हो," तो म्हणाला.

मी राखीवाला मागे ओढून आणायला खोपटाकडे निघालो. मागे वळून पाहिलं तर गाडी वळत होती, आणि तिने त्याची बाही सोडलेली नव्हती.